तक्त्यात न दिसलेल्या नोंदी

२०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये करोनाचा संसर्ग वाढत होता आणि नेमक्या त्याच दिवसांत १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या सरकारी आकडेवारीतून गळाली. तपासण्या झाल्या होत्या, प्रयोगशाळांनी निकाल पाठवले होते, ते ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या संस्थेकडे पोचलेही होते. तिथे मात्र ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात होते आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादा संपल्यावर पुढच्या ओळी गुपचूप वगळल्या गेल्या. बाधितांना त्यांचे निकाल कळले. पण त्यांच्या संपर्कात आलेल्या माणसांचा शोध काही दिवस लांबला. साथीच्या काळात हे दिवस मोलाचे असतात.

आपण रोज असे तक्ते पाहतो. बँकेतले व्यवहार, दोन स्थानकांदरम्यानच्या गाड्या, शाळेतली हजेरी, दुकानातला माल. वर निवडीचे काही रकाने, खाली ओळींचा तक्ता. दोन-तीन पर्याय निवडले की हजारो नोंदींतून आपल्याला हव्या तेवढ्या समोर येतात. तक्त्यात जे दिसते त्यावर आपण विश्वास ठेवतो आणि जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही असे धरून चालतो. हे दुसरे गृहीतक जोखमीचे आहे. निवडलेल्या ओळी सुबक मांडणे हे तक्ता बनवणाऱ्याचे निम्मे काम. वगळलेली प्रत्येक ओळ योग्य कारणानेच वगळली गेली आहे, ही खात्री देणे हे उरलेले निम्मे काम आणि तेच जास्त अवघड आहे.

विचारणा कशी चालते

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक ग्रंथालय घेऊ. समजा, त्याच्या दाखलनोंदवहीतली ४०,००० पुस्तके आता डेटाबेसमध्ये आहेत. ग्रंथपाल पडद्यावर ‘भाषा : मराठी’, ‘प्रकार : चरित्र’ आणि ‘स्थिती : उपलब्ध’ असे तीन पर्याय निवडतात. ब्राउझर ही निवड वेबपत्त्याच्या शेपटीला जोडून सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरवरचा प्रोग्राम ती वाचतो, तपासतो आणि तिचे रूपांतर डेटाबेसला कळणाऱ्या प्रश्नात करतो. डेटाबेस अटींत बसणाऱ्या नोंदी परत देतो आणि त्यांच्या ओळी होऊन तक्ता भरतो.

या साऱ्याच्या मुळाशी एडगर कॉड या गणितज्ञाचा १९७० चा शोधनिबंध आहे. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करताना कॉड यांनी मांडले, की माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि वापरणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे. ती डिस्कवर कुठे आहे, कोणत्या वाटेने आणायची, हे यंत्राने बघावे. त्याआधी प्रोग्रामरला ही वाट स्वतः लिहावी लागे. १९७४ मध्ये आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या विचारावर प्रश्न विचारण्याची भाषा बेतली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. तिच्यातले ‘व्हेअर’ हे कलम म्हणजे आपले गाळणे. ग्रंथपालांनी निवडलेल्या तीन अटी ‘व्हेअर’च्या मागे ‘अँड’ने जोडल्या जातात.

इथेच पहिला निर्णय घ्यावा लागतो. ग्रंथपालांनी ‘चरित्र’ आणि ‘आत्मचरित्र’ असे दोन प्रकार एकदम निवडले तर? दोन्ही अटी ‘अँड’ने जोडल्या तर एकही पुस्तक मिळणार नाही, कारण एका पुस्तकाची नोंद एकाच प्रकाराखाली आहे. म्हणून रूढ संकेत असा, की एकाच रकान्यातले पर्याय ‘किंवा’ने जोडावेत आणि वेगवेगळे रकाने ‘आणि’ने. चरित्र किंवा आत्मचरित्र, आणि मराठी, आणि उपलब्ध. वापरणाऱ्याच्या मनात हाच अर्थ असतो.

गाळायचे कुठे?

शे-दोनशे ओळींचा तक्ता असेल तर सगळ्या नोंदी एकदाच ब्राउझरमध्ये आणून तिथेच गाळायला हरकत नाही; उत्तर तत्काळ मिळते. ४०,००० नोंदी मात्र दर वेळी ग्रामीण भागातल्या मोबाइलवर उतरवणे परवडत नाही. तिथे गाळण्याचे काम डेटाबेसकडेच हवे.

खरा घोटाळा होतो तो या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की. सर्व्हर पहिल्या पानाच्या ५० ओळी पाठवतो आणि शोधाचा रकाना त्या ५० ओळींपुरताच चालतो. वाचक ‘स्मृतिचित्रे’ असे टाइप करतो. पुस्तक कपाटात आहे, डेटाबेसमध्येही आहे, पण त्याची ओळ तिसाव्या पानावर. पडद्यावर उमटते, ‘एकही नोंद सापडली नाही’. वाचक परत जातो. प्रोग्राम कुठेही अडखळलेला नाही, चूक झाल्याचा संदेश नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. चाचणीसाठी वीसच पुस्तके भरली होती तेव्हा सगळे बिनचूक चालत होते.

याच्या उलट बाजूची चूक अधिक गंभीर आहे. सभासदाला फक्त त्याची स्वतःची देवघेव दिसावी असा नियम असतो. प्रोग्रामर सगळ्यांच्या नोंदी ब्राउझरमध्ये पाठवतो आणि तिथे इतरांच्या ओळी लपवतो. लपवलेली ओळ पडद्यावर दिसत नसली तरी ती वाचकाच्या यंत्रात पोचलेली असते. ब्राउझरमधली तपासणीची साधने उघडणाऱ्या कुणालाही तिथल्या सगळ्या सभासदांचे फोन नंबर वाचता येतात. हक्काशी निगडित अट सर्व्हरनेच, वापरणाऱ्याने काहीही निवडले तरी, स्वतःहून जोडली पाहिजे. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमध्ये २०१६ च्या आरंभी आलेल्या ९.५ आवृत्तीपासून अशी ओळनिहाय बंधने डेटाबेसमध्येच घालता येतात. मग एखाद्या पानावर प्रोग्रामर अट लिहायला विसरला तरी ती ओळ बाहेर पडत नाही.

पाने आणि क्रम

मोठे उत्तर पानापानांनी दाखवतात. यात बारकावे आहेत. ग्रंथपाल सातव्या पानावर असताना त्यांनी भाषा बदलून ‘कोकणी’ केली आणि कोकणी पुस्तके दोनच पानांची असली, तर प्रोग्राम सातवे पानच मागत राहतो आणि तक्ता रिकामा दिसतो. अट बदलली की पहिल्या पानावर आलेच पाहिजे.

दुसरा बारकावा क्रमाचा. कॉड यांच्या मांडणीत तक्ता हा नोंदींचा संच आहे आणि संचाला क्रम नसतो. क्रम मागितला नाही तर डेटाबेस सोयीनुसार कोणत्याही क्रमाने ओळी देऊ शकतो. क्रम मागितला तरी तो नि:संदिग्ध हवा. फक्त प्रकाशनवर्षानुसार लावायला सांगितले आणि १९८५ सालची ३०० पुस्तके असली, तर त्या ३०० पुस्तकांचा आपसातला क्रम ठरलेला नाही. पहिल्या पानावर आलेले पुस्तक दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते आणि दुसरे एखादे दोन्ही पानांतून निसटते. उपाय सोपा आहे. क्रमाच्या शेवटी दाखलांक जोडायचा. दाखलांक प्रत्येक पुस्तकाचा वेगळा, त्यामुळे बरोबरी उरतच नाही.

रिकामा रकाना

आता सगळ्यांत फसवी जागा. समजा, ४०,००० पुस्तकांपैकी ‘भाषा : मराठी’ निवडल्यावर ३१,००० येतात. ‘मराठी सोडून इतर’ निवडल्यावर ७,५०० येतात. बेरीज ३८,५००. उरलेली १,५०० पुस्तके कुठे गेली? त्यांच्या भाषेचा रकाना भरलेलाच नाही. एसक्यूएलमध्ये अशा रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात आणि नलशी केलेल्या कोणत्याही तुलनेचे उत्तर ‘हो’ही नसते, ‘नाही’ही नसते, ते ‘अज्ञात’ असते. ‘ही भाषा मराठी आहे का?’ अज्ञात. ‘ही भाषा मराठीहून वेगळी आहे का?’ तेही अज्ञात. ‘व्हेअर’ फक्त ‘हो’ उत्तराच्या ओळी पुढे सोडतो. म्हणून ती १,५०० पुस्तके दोन्ही तक्त्यांतून बाहेर राहतात.

तर्कशास्त्राच्या दृष्टीने डेटाबेस बरोबरच वागला. माणसाच्या दृष्टीने मात्र तक्त्याने १,५०० पुस्तके लपवली. जुन्या नोंदवह्यांवरून संगणकात भरलेल्या माहितीत असे रिकामे रकाने हमखास असतात, कारण मूळ वहीतच काही ठिकाणी भाषा लिहिलेली नसते. यासाठी निवडीच्या यादीत ‘भाषा नोंदवलेली नाही’ हा पर्याय उघडपणे असावा. त्याने दोन कामे होतात. पुस्तके सापडतात आणि कोणती नोंद पूर्ण करायची राहिली आहे, तेही कळते.

३१ मार्चचा दिवस

तारखांच्या अटीत असाच सापळा आहे. ग्रंथालयाला आर्थिक वर्षातली ग्रंथखरेदी दाखवायची आहे, १ एप्रिल ते ३१ मार्च. ग्रंथपाल दोन्ही तारखा निवडतात. डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीत तारखेबरोबर वेळही साठवलेली आहे. नुसती ‘३१ मार्च’ ही तारीख वेळेशी ताडून पाहताना डेटाबेस ती ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे शून्य वाजून शून्य मिनिटे, अशी धरतो. मग ‘३१ मार्चपर्यंत’ या अटीत ३१ तारखेच्या सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत केलेल्या सगळ्या नोंदी बाद होतात. वर्षअखेरीला खरेदीची घाई कुठल्या दिवशी असते, हे सांगायला नको. बरोबर अट अशी, ‘१ एप्रिल किंवा त्यानंतर, आणि पुढच्या १ एप्रिलच्या आधी’.

त्यातच वेळेचा पट्टा येतो. अनेक सर्व्हर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. आपल्याकडे १ एप्रिलची मध्यरात्र होते तेव्हा त्या घड्याळात ३१ मार्चचे सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. अट कोणत्या घड्याळाने वाचायची हे लिहून ठेवले नाही, तर पहाटे साडेपाचच्या आतले व्यवहार मागच्या वर्षात जमा होतात. ग्रंथालय तेव्हा बंद असेल. पण चोवीस तास ऑनलाइन वर्गणी स्वीकारणाऱ्या संस्थेच्या हिशेबात हा फरक येतो.

मराठी अक्षरांचे प्रश्न

मराठी नोंदींचा तक्ता बनवणाऱ्यापुढे आणखी काही प्रश्न असतात आणि परदेशात बनलेली तयार साधने ते आपोआप सोडवत नाहीत. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव घ्या. त्यातला आखूड रफार दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ आणि हलन्त अशी दोन चिन्हे साठवली जातात. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी तीन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका लिपिकाने एका प्रकारे भरलेले ‘कऱ्हाड’ दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे शोधले, की उत्तर शून्य. ‘ॲ’चेही तसेच. संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाण पद्धतीत हे अक्षर स्वतंत्र स्थानावर २००८ मध्ये आले. त्याआधी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत आणि आजही काही ठिकाणी तसेच लिहितात. युनिकोडची प्रमाणित एकरूपीकरणाची पद्धत हे दोन्ही भेद मिटवत नाही. म्हणून नोंद साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा मजकूर एकाच रूपात आणण्याचे काम प्रोग्रामने स्वतः करायचे असते. आकड्यांचेही तसेच. वाचकाने ‘१९८४’ देवनागरीत टाइप केले काय आणि इंग्रजी अंकांत केले काय, उत्तर एकच आले पाहिजे.

अकारविल्हे लावणेही मुद्दाम सांगावे लागते. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या क्रमांकांनी लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये जातो, ‘क्ष’ने सुरू होणारी नावे ‘क’मध्ये आणि ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’मध्ये. डेटाबेसला मराठीचा वर्णक्रम वापरायला सांगितला तरच यादी वाचकाच्या सवयीची होते.

नावे बदलतात, हीदेखील इथली वस्तुस्थिती आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात नुसते नावच साठवलेले असेल, तर नवे नाव निवडल्यावर १९९० ची पुस्तके गायब होतात आणि जुने निवडल्यावर आजची. स्थळाला एक कायमचा संकेतांक द्यावा, नोंदीत तो ठेवावा आणि नावे त्याच्याशी जोडावीत. जुन्या मुखपृष्ठावरचे नाव जसेच्या तसे राहते आणि शोधात दोन्ही काळची पुस्तके एकत्र येतात.

वेग आणि सुरक्षा

उत्तर बरोबर असून उशिरा आले तरी माणूस कंटाळतो. डेटाबेस वेग मिळवतो तो इंडेक्समुळे. जाड पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या सूचीतून आपण थेट हव्या त्या पानावर जातो, तसा डेटाबेस इंडेक्समधून थेट हव्या त्या नोंदीकडे जातो. यासाठीची ‘बी-ट्री’ ही रचना बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी तयार केली. त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्या प्रत्येक टप्प्यावर शेकडो फाटे फुटतात, त्यामुळे एक कोटी नोंदींतली हवी ती तीन-चार टप्प्यांत सापडते. मात्र ही रचना शब्दाच्या सुरुवातीवर चालते. ‘शिव’ने सुरू होणारी शीर्षके झटकन मिळतात. शीर्षकात कुठेही ‘शिव’ असलेली हवी असतील, तर साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही आणि डेटाबेसला सगळ्या ओळी तपासाव्या लागतात. त्यासाठी शब्दांचे छोटे तुकडे सूचीत घेणारा वेगळा इंडेक्स लागतो.

टाइप करता करता तक्ता बदलत असेल तर आणखी एक अडचण येते. ‘पुणे’ लिहिताना ‘प’, ‘पु’, ‘पुण’, ‘पुणे’ असे चार प्रश्न सर्व्हरकडे जातात आणि त्यांची उत्तरे त्याच क्रमाने परततील याची खात्री नसते. ‘पु’चे उत्तर सर्वांत शेवटी आले, की रकान्यात ‘पुणे’ आणि तक्त्यात पुसद, पुरंदर अशी विसंगती दिसते. बोटे क्षणभर थांबेपर्यंत प्रश्न पाठवू नये, आणि नवा पाठवताना जुना रद्द करावा.

वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर एसक्यूएलच्या वाक्यात थेट चिकटवणे ही सर्वांत घातक सवय. गोव्यातली काही आडनावे रोमन लिपीत लिहिताना मध्ये एकेरी अवतरणचिन्ह येते. असे आडनाव निरागसपणे शोधले तरी वाक्य तिथेच तुटते आणि पान कोसळते. वाईट हेतूचा माणूस त्याच फटीतून आपली अट घुसवतो आणि सगळ्या नोंदी बाहेर काढतो. या धोक्याबद्दल १९९८ पासून जाहीरपणे लिहिले गेले आहे आणि उपायही तेवढाच जुना आहे. प्रश्नाचा सांगाडा वेगळा पाठवायचा आणि वापरणाऱ्याची मूल्ये वेगळी. डेटाबेस मग त्या मूल्यांकडे केवळ मजकूर म्हणून पाहतो. कोणत्या रकान्याने क्रम लावायचा हे नाव मात्र असे वेगळे पाठवता येत नाही. ते ठरलेल्या यादीतलेच आहे ना, हे तपासून घ्यावे लागते.

पडद्याने काय सांगावे

आतले काम चोख झाले, तरी वापरणाऱ्याला ते कळले पाहिजे. तक्त्याच्या माथ्यावर ‘४०,००० पैकी २१४ नोंदी’ असे स्पष्ट लिहावे. लागू असलेली प्रत्येक अट शब्दांत दिसावी आणि एकेक काढता यावी. नाहीतर कालची विसरलेली अट आज नोंदी लपवत राहते. काहीच सापडले नाही तर कोणत्या अटींमुळे सापडले नाही ते सांगावे, आणि सर्व्हरशी संपर्कच झाला नसेल तर ‘नोंद नाही’ असे कधीही म्हणू नये. निवडलेल्या अटी वेबपत्त्यात राहिल्या, तर ग्रंथपालांना तोच तक्ता सहकाऱ्याला दुव्याने पाठवता येतो आणि मागे जाण्याचे बटण दाबल्यावर निवड पुसली जात नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी पडदावाचक प्रणाली वापरली जाते. रकान्यांची शीर्षके नीट खुणावली आणि नोंदींची बदललेली संख्या तिला कळवली, तरच त्यांना तक्ता बदलल्याचे समजते.

तक्ता बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या प्रत्येकाने एक चाचणी अवश्य करावी. कोणताही रकाना घ्या. त्यातला प्रत्येक पर्याय एकेक करून निवडा, येणाऱ्या संख्या कागदावर मांडा आणि बेरीज करा. ती एकूण नोंदींइतकी आली पाहिजे. ज्या रकान्यात एका नोंदीला एकच मूल्य असते तिथे या नियमाला अपवाद नाही. बेरीज कमी पडली तर काही नोंदी हरवत आहेत, आणि त्या शोधून काढल्याशिवाय त्या तक्त्यावरून कोणताही अहवाल पाठवू नका.